धमनी मोकळी झाली, हृदयाचे काय?

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाला भेटायला गेले की घरचे लोक हकिकत ठरलेल्या क्रमाने सांगतात. छातीत दुखू लागले, घाम फुटला, दवाखान्यात नेले, शंभर टक्के ब्लॉकेज निघाले, स्टेंट टाकला, आता सगळे क्लिअर आहे. ऐकणारा सुटकेचा निःश्वास टाकतो आणि बोलणे दुसऱ्या विषयाकडे वळते. मला ही हकिकत अर्धवट वाटते. तिच्यात धमनी आहे, गुठळी आहे, स्टेंट आहे. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला, तो हृदयाचा स्नायू मात्र तिच्यात कुठेच नाही.

माझा मुद्दा एका वाक्यात मांडतो. झटक्यातून वाचलेल्या माणसाचे पुढचे आयुष्य फार मोठ्या प्रमाणात त्याच्या हृदयाचा स्नायू त्यानंतरच्या आठवड्यांत आणि महिन्यांत कोणता आकार घेतो यावर ठरते, आणि तो आकार बिघडू न देणे हे रोजच्या साध्या गोळ्यांचे काम आहे. ‘नळ तुंबला होता, मोकळा केला’ ही समजूत या कामावर पडदा टाकते. तो पडदा दूर करण्यासाठी पायरीपायरीने विचार करू.

१. नळाची उपमा कुठपर्यंत चालते

नळाच्या उपमेत तथ्य आहे. धमनी बंद पडली की तिच्या पलीकडचा स्नायू उपाशी राहतो आणि आतल्या थराकडून बाहेरच्या थराकडे लाटेसारखा मरत जातो. ही लाट पूर्ण पसरायला काही तास लागतात. त्या तासांत धमनी उघडली तर स्नायू वाचतो. तातडीच्या अँजिओप्लास्टीचे किंवा गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचे मोल तिथेच आहे.

पण ती लाट ओसरल्यावर काय? याचे उत्तर २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ओॲट’ या चाचणीने दिले. झटक्यानंतर ३ ते २८ दिवसांनीही ज्यांची धमनी पूर्ण बंद होती, पण प्रकृती स्थिर होती, असे २,१६६ रुग्ण त्यात होते. निम्म्यांची धमनी स्टेंट घालून उघडली, निम्म्यांना केवळ औषधे दिली. मृत्यू, पुन्हा झटका किंवा गंभीर हृदयअपयश यांत धमनी उघडलेल्यांना फायदा झाला नाही. हृदयरोग ही निव्वळ नळाची गोष्ट असती, तर तुंबलेला नळ उशिरा मोकळा करूनही काही तरी पदरात पडायला हवे होते. म्हणजे ठरावीक मुदतीनंतर प्रश्नच बदललेला असतो. आता प्रश्न हृदयाच्या भिंतीचा असतो.

आपल्याकडे ही मुदत किती जण गाठतात? देशातील ५० शहरांतल्या रुग्णालयांतून २० हजारांहून अधिक रुग्णांची नोंद घेणाऱ्या ‘क्रिएट’ या अभ्यासात (२००८) त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंतचा मध्यक कालावधी ३६० मिनिटे होता. सहा तास. जो समाज एवढ्या उशिरा पोचतो, त्याच्या वाट्याला मोठी जखम येते. म्हणून भिंतीचा विचार आपल्याला तर अधिकच करायला हवा.

२. जखम भरताना भिंतीत काय घडते

डावी जवनिका हा शरीरभर रक्त ढकलणारा हृदयाचा मुख्य कप्पा. त्याच्या स्नायूपेशी जवळजवळ नव्याने तयार होत नाहीत. शीतयुद्धाच्या काळातील अणुचाचण्यांमुळे वातावरणात वाढलेला कार्बन-१४ आणि पेशींतल्या डीएनएमधला कार्बन-१४ यांचा ताळा घालून २००९ साली शास्त्रज्ञांनी हे मोजले. पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का पेशी बदलतात, पंचाहत्तरीत ०.४५ टक्के. त्वचा कापली तर त्वचा येते, हाड मोडले तर हाड जुळते. हृदयाचा मेलेला स्नायू मात्र स्नायू म्हणून परतत नाही. त्या जागी व्रण येतो.

व्रण तयार व्हायला वेळ लागतो आणि खरा धोका त्या मधल्या काळात असतो. आधी पांढऱ्या पेशी येऊन मेलेल्या पेशींचा निचरा करतात. त्या ओघात पेशींना बांधून ठेवणारे जुने कोलॅजेनचे धागेही तुटतात. नवे धागे विणले जाऊन घट्ट व्हायला काही आठवडे जातात. जुना बांध सुटलेला आणि नवा अजून बांधून न झालेला, अशा अवस्थेतही ती भिंत दर मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा दाब सोसत असते. मग ती ताणते, पातळ होते, बाहेर फुगते.

एवढ्यावर हे थांबत नाही. न दुखावलेल्या भागावर जास्तीचा भार येतो आणि तिथल्या पेशी लांबत जातात. कप्पा मोठा होतो. एरवी नारळाच्या आकाराकडे झुकणारी जवनिका चेंडूसारखी गोल होऊ लागते. टूडी इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, पडद्यावर हे दिसते: भिंतीचा एक भाग आत ओढला जात असतो, त्याला लागून असलेला पातळ भाग जागच्या जागी राहतो किंवा उलटा बाहेर ढकलला जातो. या सगळ्या बदलाला हृदयस्नायूची पुनर्रचना म्हणतात. शब्द कानाला चांगला लागतो, पण इथे घर पुन्हा बांधले जात नाही. उरलेल्या खांबांवर वजन ढकलले जाते.

आकाराला एवढे महत्त्व का, हे साध्या यंत्रशास्त्रातून कळते. भिंतीवरचा ताण आतल्या दाबाबरोबर आणि घेराबरोबर वाढतो, जाडीबरोबर कमी होतो. लहान पिंपाला पातळ पत्रा पुरतो, मोठ्या टाकीला जाड पत्रा लागतो. झटक्यानंतर नेमके उलटे घडते. घेर वाढतो आणि पत्रा पातळ होतो. ताण वाढला की कप्पा आणखी फैलावतो, फैलावला की ताण आणखी वाढतो. १९८७ साली न्यूझीलंडमधील हार्वे व्हाइट आणि सहकाऱ्यांनी झटक्यातून वाचलेल्या ६०५ रुग्णांचा मागोवा घेतला, तेव्हा कोण जगेल याचा सर्वांत चांगला अंदाज एका मापावरून आला: आकुंचन पूर्ण झाल्यावर कप्प्यात उरलेल्या रक्ताचे आकारमान. किती धमन्या तुंबल्या आहेत या मोजदादीपेक्षा ते माप अधिक बोलके ठरले.

३. शरीराची मदत कधी उलटते

पंप कमजोर झाला की शरीर त्याला रक्तस्राव झाल्यासारखे वागते. मूत्रपिंडातून रेनिन सुटते, अँजिओटेन्सिन तयार होते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात. अल्डोस्टेरॉन मीठ आणि पाणी धरून ठेवते. अ‍ॅड्रेनॅलिन आणि त्याचे भाऊबंद हृदयाला चाबूक मारतात. जखमी माणसाला काही तास जिवंत ठेवण्यासाठी ही व्यवस्था उत्तम आहे. सुरुवातीला कप्पा थोडा मोठा होण्यानेही फायदाच होतो. पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला कप्प्यातले किती टक्के रक्त बाहेर पडते ते माप, घटले तरी बाहेर पडणारे एकूण रक्त टिकून राहते.

हीच व्यवस्था महिनोन्‌महिने चालू राहिली तर घातक होते. आवळलेल्या रक्तवाहिन्यांविरुद्ध ढकलण्याचा भार वाढतो. अँजिओटेन्सिन आणि अल्डोस्टेरॉन धडधाकट स्नायूतही कोलॅजेन साचवतात, त्यामुळे भिंत ताठर होते. अ‍ॅड्रेनॅलिनचा सततचा मारा पेशींना थकवतो, काही मारतो, ठोक्यांची लय बिघडवतो. ज्या मदतीमुळे माणूस पहिला आठवडा काढतो, तीच त्याचे पुढचे वर्ष खाते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, बरे वाटणे हा हृदय सुधारल्याचा पुरावा धरता येत नाही. पुनर्रचना सुरुवातीला मुकाट चालते. जिना चढताना धाप लागू लागते तेव्हा कप्पा बराच फैलावलेला असतो. दुसरी, झटक्यानंतरची ही औषधे बाहेरून ताकद देणारी टॉनिके नाहीत. शरीराची अति झालेली धावपळ आवरणे एवढेच त्यांचे काम आहे. म्हणून त्यांचा गुण चटकन जाणवत नाही.

४. गोळी कुठे काम करते

या विचाराची पारख आधी उंदरांत झाली. बोस्टनमध्ये मार्क आणि जॅनिस फेफर यांनी युजीन ब्राउनवाल्ड यांच्यासह उंदरांची हृदयधमनी बांधून झटका निर्माण केला आणि काहींना कॅप्टोप्रिल दिले. हे औषध ब्राझीलच्या जराराका सापाच्या विषाच्या अभ्यासातून निघालेले. अँजिओटेन्सिन बनवणाऱ्या विकराला, म्हणजे ‘एस’ला, ते अडवते. १९८५ साली निष्कर्ष आले. औषध मिळालेल्या उंदरांची हृदये कमी फैलावली आणि ते जास्त जगले.

मग माणसांवर ‘सेव्ह’ ही चाचणी झाली (१९९२). तिचे २,२३१ रुग्ण निवडताना पाळलेली अट माझ्या मुद्द्याचा गाभा आहे. या सर्वांचे पंपिंग ४० टक्के किंवा त्याहून कमी होते, पण हृदयअपयशाचा उघड त्रास कुणालाच नव्हता. म्हणजे ‘आता बरं वाटतंय’ म्हणणारीच ही माणसे. झटक्यानंतर ३ ते १६ दिवसांत निम्म्यांना कॅप्टोप्रिल सुरू केले. सरासरी ४२ महिन्यांनी औषध नसलेल्या गोळीच्या गटात २५ टक्के, तर कॅप्टोप्रिलच्या गटात २० टक्के मृत्यू झाले होते. पाठोपाठ १९९३ मध्ये त्याच जातीच्या रॅमिप्रिलने, झटक्यानंतर हृदयअपयशाची लक्षणे दिसलेल्या रुग्णांत, मृत्यू २३ वरून १७ टक्क्यांवर आणले.

बीटा ब्लॉकरची वाट अधिक अवघड होती. हृदयाचा वेग आणि जोर कमी करणारे औषध कमजोर हृदयाला देणे म्हणजे आत्मघात, असे डॉक्टर शिकत आले होते. १९७५ साली स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे फिन वागस्टीन यांनी फैलावलेल्या हृदयाच्या मोजक्या रुग्णांना ते देऊन सुधारणा दाखवली, तरी मत बदलायला दोन दशके लागली. २००१ च्या ‘कॅप्रिकॉर्न’ चाचणीत, पंपिंग ४० टक्क्यांपर्यंत उतरलेल्या १,९५९ रुग्णांना एसविरोधी गोळीच्या जोडीला कार्व्हेडिलॉल हा बीटा ब्लॉकर दिला; मृत्यू १५ वरून १२ टक्क्यांवर आले आणि इकोवर कप्प्याचे आकारमानही घटलेले दिसले. तिसरी कडी अल्डोस्टेरॉनची. २००३ च्या ‘इफेसस’ चाचणीत अल्डोस्टेरॉन रोखणाऱ्या एप्लेरेनॉनने, इतर औषधांच्या जोडीला, मृत्यू १६.७ वरून १४.४ टक्क्यांवर आणले.

अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि स्टॅटिन यांचे काम याहून वेगळे आहे, हे लक्षात ठेवायला हवे. पहिली दोन गुठळी रोखतात, तिसरे धमनीतला मेदाचा थर शांत करते. ती धमनीची राखण करतात. वरची तीन भिंतीची राखण करतात. एकाच्या बदल्यात दुसरे चालत नाही.

५. जखम दाबायची नसते

इथे एक चुकीचा निष्कर्ष निघू शकतो: पुनर्रचना वाईट, तर ती पूर्ण थांबवावी. अनुभव याच्या विरुद्ध आहे. १९७० च्या दशकात सूज कमी करण्यासाठी झटक्यानंतर स्टिरॉइड्स देऊन पाहिली गेली. व्रण नीट भरत नाही, भिंतीला फुगवटा येतो, अशी चिन्हे दिसली आणि तो मार्ग मागे पडला. आयबुप्रोफेन, इंडोमेथॅसिनसारख्या वेदनाशामकांनी प्राण्यांत व्रण पातळ झाला. झटका आलेल्या माणसाने गुडघेदुखीसाठी अशी गोळी डॉक्टरांना न विचारता घेऊ नये, याचे एक कारण हे आहे. कोलॅजेन तोडणारी विकरेच बंद करू, या कल्पनेची २००६ साली ‘प्रीमियर’ चाचणीत परीक्षा झाली. कप्प्याच्या आकारात फरक पडला नाही.

मात्रा आणि वाट यांनाही तितकेच महत्त्व. १९९२ च्या ‘कन्सेन्सस-२’ चाचणीत पहिल्या २४ तासांतच एसविरोधी औषध शिरेतून सुरू केले, तेव्हा फायदा दिसला नाही आणि रक्तदाब घसरण्याचा धोका पुढे आला. तेच तत्त्व पहिल्याच दिवसापासून, पण तोंडावाटे लिसिनोप्रिल देऊन ‘जिस्सी-३’ मध्ये वापरले, तेव्हा सहा आठवड्यांत मृत्यू थोडे कमी झाले. म्हणून डॉक्टर लहान मात्रेने सुरुवात करून ती पायरीपायरीने वाढवतात. जखम भरू द्यायची आणि उरलेल्या स्नायूवरचा भार उतरवायचा, असा हा तोल आहे.

६. काही आक्षेप

‘मग अँजिओप्लास्टीला अर्थ नाही का?’ वेळेत केली तर मोठा अर्थ आहे. जेवढा स्नायू वाचेल तेवढी पुढची पुनर्रचना कमी. माझा आक्षेप तिथेच पूर्णविराम देण्याला आहे. केंद्र सरकारने २०१७ साली स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा घराघरांत चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. त्यानंतर रोज घ्यायच्या गोळीबद्दल तेवढी चर्चा मी कधी ऐकली नाही.

‘पाच टक्क्यांचा फरक म्हणजे कितीसा?’ सेव्हच्या आकड्यांवरून सांगायचे तर साडेतीन वर्षे वीस जणांना गोळी दिली तर एक जीव वाचला. ते वीस जण एखाद्या गल्लीतले धरा, म्हणजे आकड्याला चेहरा येईल. शिवाय हे फायदे एकमेकांवर चढत जातात. कॅप्रिकॉर्न आणि इफेससमधील लाभ आधीच्या औषधांच्या वर मिळालेला होता. आणि यासाठी महागडे काही लागत नाही. २०२१ मध्ये ‘पॅरडाइज-एमआय’ या ५,६६१ रुग्णांच्या चाचणीत नव्या सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टनची गाठ जुन्या रॅमिप्रिलशी घातली, तेव्हा नव्याला ठळक सरशी दाखवता आली नाही.

‘आयुष्यभर रसायने घेतल्याने किडनी खराब होते.’ या भीतीत सत्याचा अंश आहे, म्हणून तिला झटकून टाकू नये. एसविरोधी गोळीने अनेकांना कोरडा खोकला येतो. अल्डोस्टेरॉन रोखणाऱ्या गोळीने पोटॅशियम वाढू शकते. रक्तदाब फार उतरू शकतो. पण प्रत्येकावर उपाय आहे. खोकला आला तर व्हल्सार्टनसारखी गोळी देता येते. २००३ च्या ‘व्हॅलिअंट’ चाचणीत ती कॅप्टोप्रिलच्या तोडीस तोड ठरली. मूत्रपिंडाची अवस्था सांगणारे क्रिएटिनिन आणि पोटॅशियम ठरावीक काळाने तपासायचे. त्रासाला उत्तर गोळी बदलण्यात आहे, मनाने बंद करण्यात नाही.

‘आता बीटा ब्लॉकर लागत नाही, असे निघाले आहे ना?’ हा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. २०२४ च्या ‘रिड्यूस-एएमआय’ चाचणीत ५,०२० रुग्णांत बीटा ब्लॉकरने मृत्यू किंवा पुढचा झटका टळला नाही. पण त्या सर्वांचे पंपिंग ५० टक्के किंवा त्याहून चांगले होते. ज्यांची भिंत सावरलेली आहे त्यांना भिंत सावरणाऱ्या गोळीचा लाभ दिसू नये, यात नवल नाही. हा निकाल माझ्या मुद्द्याला बळच देतो. औषध ‘झटका आला’ या घटनेवरून न ठरवता स्नायूच्या अवस्थेवरून ठरवायला हवे, आणि ती अवस्था इको केल्याशिवाय कळत नाही.

७. नाव बदला, म्हणजे समज बदलेल

औषधाच्या दुकानासमोर उभा असलेला माणूस चिठ्ठी पुढे करतो आणि म्हणतो, ‘रक्त पातळ करायची तेवढी द्या. बीपीची नको, बीपी आता नॉर्मल आहे.’ त्याच्या बोलण्यात तर्क आहे. त्याला रॅमिप्रिलची आणि कार्व्हेडिलॉलची ओळख बीपीची गोळी म्हणूनच करून दिली होती. रक्तदाब १२० वर आला, म्हणजे गोळीचे काम संपले, असे त्याने मानले तर चूक त्याची कशी? झटक्यानंतर ती गोळी रक्तदाबासाठी दिलेली नव्हतीच. भिंतीवरचा ताण कमी ठेवण्यासाठी दिली होती, आणि तो ताण रक्तदाब नॉर्मल असतानाही चालूच असतो.

म्हणून माझी पहिली मागणी शब्दाची आहे. डॉक्टरांनी, परिचारिकांनी, औषध विक्रेत्यांनी या गोळ्यांना ‘हृदयाचा आकार सांभाळणारी गोळी’ म्हणावे. चिठ्ठीवर मराठीत तसे लिहावे. दुसरी मागणी आकड्याची. घरी सोडताना प्रत्येक रुग्णाला त्याचे पंपिंग किती टक्के हे सांगावे आणि साधारण सहा आठवडे ते तीन महिन्यांत पुन्हा इको करण्याची तारीख फाइलवर लिहून द्यावी. व्रण तोवर पक्का होत आलेला असतो. हृदयाची बिघडलेली लय सावरणारे यंत्र (आयसीडी) बसवावे का, यासारखे निर्णयही किमान ४० दिवसांनंतरच्या इकोवरच घेतले जातात. त्या दुसऱ्या इकोशिवाय उपचार चालला की नाही हे डॉक्टरलाही कळायला मार्ग नाही. तिसरी मागणी घरच्यांकडे. ‘आता बरं वाटतंय, मग गोळ्या कशाला?’ असे रुग्ण म्हणाला की त्याला सांगा, सेव्ह चाचणीतल्या माणसांनाही बरं वाटत होतं.

धमनी उघडायला तास पुरतो आणि ते काम रुग्णालय करते. भिंत सावरायला महिने लागतात आणि ते काम घरी, सकाळच्या चहानंतर, पाण्याच्या घोटाबरोबर होते. त्यात बघण्यासारखे काही नसते. कप्पा फैलावला नाही, धाप लागली नाही, मध्यरात्री रुग्णवाहिका बोलवावी लागली नाही: या गोळीचे यश अशा न घडलेल्या गोष्टींत असते. पुढच्या वेळी कुणी ‘सगळं क्लिअर आहे’ म्हणाले, तर आनंद जरूर माना. आणि मग विचारा, ‘पंपिंग किती आहे? दुसरा इको कधी आहे?’